परदेशात राहून बडोद्याची कागदपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दांडिया बाजारात वाढले आणि लग्न होऊन इंग्लंडला गेले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. दर वर्षी बडोद्याला येते तेव्हा बॅगेत परतीच्या लील्या (हिरव्या) चिवड्यासाठी ठेवलेल्या जागेखेरीज एक जाड प्लॅस्टिकची फाइलही असते. वडिलांच्या घराची वारसाई, आईचं पेन्शन, मुलांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती), सगळं या फाइलमधून गेलं. मी वकील नाही, रांगेत उभं राहून शिकलेली बाई आहे. नात्यातले, ओळखीचे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा लिहून काढलं.

दोन-तीन आठवड्यांसाठीच येता येतं. कोणत्या महिन्यात यावं?

डिसेंबर-जानेवारीत येऊ नका. म्हणजे लग्नांसाठी या, पण कचेरीच्या कामाची आशा ठेवू नका. सगळे एनआरआय तेव्हाच आलेले असतात. १४ जानेवारीची उतराण आणि १५ची वासी उतराण या दिवसांत अख्खं शहर गच्चीवर असतं. दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत कुणी जागेवर भेटत नाही. नवरात्रात कचेऱ्या उघड्या असतात, पण रात्री गरब्याला गेलेल्या माणसाकडून सकाळी काम करून घेणं हे पुण्यकर्म नव्हे. मार्चअखेर सगळ्यांना वर्ष संपवायची घाई असते.

माझा अनुभव असा की फेब्रुवारी चांगला, नाहीतर पाऊस सोसत असेल तर जुलै. गुजरात सरकारच्या कचेऱ्या साडेदहाला उघडतात, दुसरा आणि चौथा शनिवार बंद. विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत अर्ज आत गेला पाहिजे, नातेवाईक नंतर. मावशी रागावते, पण तिला सेव-उसळ खायला नेलं की विसरते.

दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ लागलंय आणि पासपोर्टवर नाही. खरंच अडतं का?

अडतं. मला येणाऱ्या दहा फोनांतले सात या एकाच गोष्टीचे असतात, म्हणून इथे जरा बसून सांगते.

बडोद्यात मराठी नाव गुजराती हाताने लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नुसतं ‘दत्तात्रय’ लिहिणं त्याला उद्धट वाटतं, म्हणून तो ‘दत्तात्रयभाई’ लिहितो आणि आईच्या नावाला ‘बेन’ जोडतो. आपल्याकडचे लोकही काही कमी नाहीत, ते ‘राव’ आणि ‘ताई’ लावतात. माझ्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यात दत्तात्रय, घरवेऱ्याच्या (घरपट्टीच्या) बिलात दत्तात्रयभाई आणि बँकेच्या जुन्या पासबुकात दत्तात्रयराव असं आहे. माझ्या पहिल्या पासपोर्टवर तर दत्तात्रेय. आम्हा घरच्यांना हसू येतं. लंडनच्या व्हिसा अधिकाऱ्याला चार माणसं दिसतात.

त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. पवार-वैद्यांना डब्ल्यू की व्ही हा जन्माचा प्रश्न. ज्ञानेश्वरांची आणखीच पंचाईत: आपण ‘ज्ञ’ला द्न्य म्हणतो, गुजरातीत तो ग्न होतो, त्यामुळे एकाच भावाचं नाव एका कागदावर डीपासून सुरू होतं आणि दुसऱ्यावर जीपासून. खुद्द गायकवाड हे नावसुद्धा इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. पण महाराजांना त्यावरून विमानतळावर कुणी थांबवलं नसणार.

करायचं काय? आधी एक नाव ‘मूळ’ ठरवा. मी पासपोर्टवरचं धरायला सांगते, कारण परदेशात तोच तुमचा चेहरा. मग बाकीचे कागद हळूहळू त्या नावाकडे ओढत आणा. ज्याने दाखला दिला तिथेच दुरुस्तीचा अर्ज करायचा. जन्माच्या नोंदीसाठी महानगरपालिका, शाळेच्या दाखल्यासाठी शाळा, आधारसाठी आधार केंद्र. जन्माच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायची सोय १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे, तिथे कुणाची मेहेरबानी मागायची नाही. जे कागद आता बदलता येत नाहीत (मयत माणसाचे, बंद पडलेल्या शाळेचे) त्यांच्यासाठी ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं सोगंदनामु, म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र, करून ठेवा. त्यात सगळी रूपं जशीच्या तशी लिहा. एखादं सुटलं तर नेमकं तेच कुणीतरी विचारतं.

लग्नात माझं पहिलं नावही बदललं. आता?

ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव किती महाग पडेल हे तेव्हा कुणी सांगत नाही. नुसतं आडनाव बदललं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर बहुतेक ठिकाणी निभावतं. पहिलं नाव बदललं की प्रकरण राजपत्रापर्यंत जातं: प्रतिज्ञापत्र, मग गुजरात सरकारच्या राजपत्रात नावबदलाची नोंद. पासपोर्टवाले पुरावे जास्तीचे मागतात ते वेगळंच. माझी पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. राजपत्राची ती एक पानी प्रत मी लॅमिनेट न करता जपली आहे. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही, हे लक्षात ठेवा.

मुलीच्या लग्नात मी भटजींना स्पष्ट सांगितलं, तांदळात तिचंच नाव लिहा.

जन्मस्थळ ‘बडोदा’ लिहावं की ‘वडोदरा’?

शहराचं अधिकृत इंग्रजी नाव १९७४ साली बदलून वडोदरा झालं. त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर बडोदा असणारच. सध्याच्या पासपोर्टवर जे आहे तेच प्रत्येक नव्या अर्जात उतरवा, दोन्हींची सरमिसळ नको. राज्याच्या रकान्यात काहीजण घोटाळा करतात: १ मे १९४९ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६०ला गुजरात झाला. पण आजच्या अर्जात सरळ गुजरातच लिहायचं. इतिहास अर्जात मागत नाहीत.

माझा जन्म घरी झाला, दाखलाच नाही. इथले लोक मागतात.

आधी खंडेराव मार्केटमधल्या महानगरपालिकेत जुन्या नोंदी शोधायचा अर्ज द्या. पुष्कळदा नोंद असते, पण त्यात बाळाचं नाव नसतं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आईबापांची नावं आणि तारीख. माझ्या थोरल्या आत्तेबहिणीची नोंद अशीच सापडली. तिला साठ वर्षं वाटत होतं की आपली नोंदच नाही. नाव मागाहून घालता येतं. मूळ नियमात त्याला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे, जुन्या नोंदींसाठी सरकारने ती वेळोवेळी वाढवून दिली आहे. तेव्हा खिडकीवर आज काय चालू आहे ते विचारा.

नोंद नसेलच तर दोन वाटा. एक, ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी हाच जोड चालतो. दुसरी, उशिराची नोंदणी. एका वर्षापेक्षा जुन्या जन्मासाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा, प्रांत किंवा कार्यकारी मॅजिस्ट्रेटकडून मिळतो.

प्रतिज्ञापत्र देणारी माणसं वयाने मोठी हवीत हे उघड आहे. म्हणून हे काम ‘पुढच्या वर्षी’वर टाकू नका.

घरासाठी भावाला ‘पॉवर’ पाठवायची आहे. कशी?

कुलमुखत्यारपत्राला बडोद्यात सगळे पॉवरच म्हणतात. माझी पहिली पॉवर फुकट गेली, ती कशी ते सांगते म्हणजे तुमची जाणार नाही.

परदेशातून दोन रस्ते आहेत. एक, भारतीय वकिलातीत वेळ घेऊन जायचं आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. दुसरा, तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर त्या देशाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणीकरण, घ्यायचं. ब्रिटनमध्ये ते मिल्टन कीन्सच्या कचेरीतून होतं. अपॉस्टिलचा करार भारताला २००५च्या जुलैपासून लागू आहे. कॅनडा त्यात आला तो जानेवारी २०२४मध्ये, त्यामुळे तिथल्या जुन्या लोकांना अजून वकिलातच माहीत असते. दुबईवाल्यांनी वकिलातीतच जावं, यूएई त्या करारात नाही.

कागद भारतात आला की काम संपलं असं मला वाटलं होतं. परदेशात केलेल्या दस्तावर तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली स्टँप ड्यूटी भरावी लागते. माझं पाकीट पोचलं भाद्रपदात. भावाने ‘पितृपक्ष जाऊ दे’ म्हणून ते देवघराच्या खणात ठेवलं. मग नवरात्र, मग दिवाळी, मग तो विसरला. मी उतराणीला आले तेव्हा पाकीट उदबत्तीच्या पुड्याखाली होतं आणि चार महिने उलटले होते. भावाला मी काही बोलले नाही. वहिनी बोलली.

दुसऱ्यांदा पाठवली तेव्हा वर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘उघडल्यादिवशी तारीख टाक. पाकीट फेकू नकोस.’ कुरियरचं पाकीट आणि पावती हाच कागद कधी आला याचा पुरावा. शिवाय गुजरातमध्ये ऑक्टोबर २०१९पासून छापील स्टँप पेपर मिळत नाहीत, सगळं ई-स्टँपिंग किंवा फ्रँकिंगने होतं. तेव्हा कुणी ‘जुना स्टँप पेपर आहे, वापरू’ म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मजकुराबद्दल: ‘माझ्या वतीने सर्व काही’ अशी मोकळी पॉवर सख्ख्या भावालाही देऊ नका. अविश्वास म्हणून नव्हे, तशी मोकळी पॉवर बघून कचेरीतला माणूस दहा प्रश्न विचारतो. प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर, चौरस मीटर आणि चतुःसीमा अक्षरशः उतरवा. फोटो, अंगठे आणि दोन साक्षीदार हवेत. विक्रीचा अधिकार देत असाल तर पैसे माझ्याच खात्यात जमा होतील ही ओळ घाला. आणि पॉवर देणारा माणूस गेला की पॉवरही गेली. आजोबांच्या पॉवरवर नातवाला काही करता येत नाही, हे मला तीनदा समजावून सांगावं लागलेलं आहे.

वडील गेले. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. मी इथे, बहीण कॅनडात.

वारसाई करावी लागेल. शहरातल्या मिळकतीला सिटी सर्व्हेच्या कचेरीत, शेतीला ई-धरा (जमिनीच्या नोंदींच्या) केंद्रात. या सगळ्याचा पाया म्हणजे पेढीनामु. महाराष्ट्रातल्या नातेवाईकांना विचाराल तर ते वारस दाखला, वंशावळ असं काही सांगतील. बडोद्यात शब्द पेढीनामु, आणि ते तलाटी पंचांच्या जबाबावरून करून देतो. पंच म्हणजे तुमचं घराणं ओळखणारे लोक. तुम्ही वीस वर्षं बाहेर असाल तर पोळातले (जुन्या गल्लीतले) निम्मे शेजारी अलकापुरीला नाहीतर मांजलपूरला फ्लॅटमध्ये गेलेले असतात. त्यांना आधी फोन करून ठेवा.

पेढीनाम्यात सगळे वारस येतात, आपल्याला सोयीचे तेवढेच नाहीत. मुलींचा हक्क बरोबरीचा आहे. परदेशी नागरिक झालेली मुलगीही वारस असतेच. तिला हिस्सा नको असेल तर तिने ‘हक्क कमी’ करून द्यायचं, तेही रीतसर दस्ताने. फोनवर ‘मला काही नको रे’ म्हटलेलं सिटी सर्व्हेत चालत नाही. आणि खरं सांगू? बहिणीला आधी मनापासून विचारा की तिला खरंच नको आहे का.

प्रत्येक मयत व्यक्तीचा मृत्यूचा दाखला लागतो, आजीचासुद्धा, जी ऐंशी साली गेली. नाव जुळत नसेल तर वरचा ‘भाई-बेन’चा भाग पुन्हा वाचा.

मृत्युपत्र असेल तर सोपं जातं. बडोद्यातल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (कोर्टाची मान्यता) घेणं सक्तीचं नाही, पण वारसांत वाद असेल तर गोष्ट कोर्टात जाते. कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला आहे, न्यायमंदिरात शोधत जाऊ नका. बँकेत नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, ते कुणाचे हे वारसा हक्कच ठरवतो.

जुन्या शहरातलं घर विकायचं आहे. गिऱ्हाईक तयार आहे, मग उशीर कशाला होतो?

दोन गोष्टींनी.

पहिली, अशांत धारा, म्हणजे अशांत विभागांचा कायदा. बडोद्याच्या जुन्या भागातले आणि बाहेरचेही काही विभाग या १९९१च्या कायद्याखाली जाहीर केलेले आहेत. तिथली मिळकत कुणालाही विकायची असो, आधी कलेक्टरची परवानगी लागते. अर्ज, जबाब, पोलिसांचा अभिप्राय असं ते चालतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही. बाना (विसार) घेण्याआधी आपली गल्ली त्यात येते का हे विचारा.

दुसरी, टीडीएस. विकणारा इथे राहणारा असता तर ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात गिऱ्हाइकाने १ टक्का कापला असता. विकणारा एनआरआय असला की हिशेब फिरतो. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर २३ जुलै २०२४पासून साडेबारा टक्के आहे, वर अधिभार आणि सेस. आणि कापणी नफ्यावर न करता पूर्ण किमतीवर करतात. हे टाळायचं तर दस्ताआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यायचं. वडिलोपार्जित घर असेल तर १ एप्रिल २००१च्या किमतीचा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा अहवाल करून घ्या, नफा त्यावरून मोजला जातो. इथे सीएची फी द्यायला कां-कूं करू नका. माझ्या मामांनी ती वाचवली आणि रिफंडासाठी सव्वा वर्ष वाट पाहिली.

पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) येतील. तिथून दर आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह.

गावाकडची शेतजमीन विकत घेऊ का?

नाही. एनआरआयला आणि ओसीआयला शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

आधार, पॅन, ओटीपी. डोकं फिरलंय.

सगळ्यांचं फिरलंय. मुळाशी आहे भारतातला मोबाइल नंबर. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचा ओटीपी तिथेच येतो. जुनं सिम ड्रॉवरमध्ये टाकून गेलात आणि ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद पडू शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. तो दुसरा माणूस तुमचे ओटीपी वाचत बसतो. रोमिंग चालू करून घ्या, छोटं रिचार्ज करत राहा. सिम भावाच्या फोनमध्ये टाकणं हा उपाय मी करून पाहिला. इंग्लंडात सकाळचे सात, तिकडे भाऊ आंघोळीला, ओटीपीची मुदत संपली.

भारतीय पासपोर्ट असेल तर एनआरआयला २०१९पासून आधारसाठी १८२ दिवस थांबावं लागत नाही, आल्या आल्या अर्ज करता येतो. परदेशी नागरिक झालेल्या ओसीआयवाल्यांना मात्र मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.

एनआरआयला पॅन-आधार जोडण्याची सक्ती नाही. तरीही २०२३च्या जूननंतर पुष्कळांचे पॅन ‘निष्क्रिय’ झाले, कारण खात्याच्या नोंदीत ते अजून निवासीच होते. आयकराच्या पोर्टलवर आपला दर्जा अनिवासी केला आहे ना, बघा. तसंच साधं बचत खातं. परदेशी स्थायिक झाल्यावर ते तसंच चालवणं फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमात बसत नाही, एनआरओ करून घ्यायचं. ‘बँकेने विचारलं नाही’ हे उत्तर नव्हे.

ब्रिटिश पासपोर्ट घेतला, पण भारतीयही ठेवला तर?

ठेवू नका, आणि त्यावर प्रवास तर मुळीच करू नका. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमाने परदेशी नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. ब्रिटनला दोन चालतात, भारताला चालत नाहीत. पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, ओसीआयच्या अर्जाला ते लागतंच.

ओसीआय आयुष्यभराचं. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर आणि पन्नाशीनंतर एकदा नवा पासपोर्ट व फोटो ऑनलाइन चढवायचा. नवं कार्ड फक्त विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला. मतदान मात्र नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना फॉर्म ६-अ भरून नाव घालता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष बडोद्याला यावं लागतं.

आई माझ्याकडे राहते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काय?

फोनवरचं जीवन प्रमाण, म्हणजे चेहरा ओळखून मिळणारा हयातीचा डिजिटल दाखला. आधार आणि चांगला उजेड हवा. बर्मिंगहॅमच्या नोव्हेंबरात दुसरं मिळत नाही, म्हणून आईला आम्ही न्हाणीघराच्या दिव्याखाली बसवतो. जमलं नाही तर वकिलातीतल्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही घेतलेला फॉर्म पेन्शनच्या बँकेला पाठवायचा.

तीस वर्षांपूर्वीचं लग्न, नोंदणी केली नव्हती.

आताही होते. लग्न जिथे लागलं तिथल्या निबंधकाकडे पत्रिका, फोटो, साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. गुरुजी हयात नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र. पत्रिका सापडत नसेल तर आधी मावश्यांना विचारा, एखादीने हळदीकुंकवाच्या डब्यात जपून ठेवलेली असतेच.

विद्यापीठाची डिग्री परदेशात मान्य करून घ्यायची आहे.

सयाजीराव विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातूनच, सीलबंद. अपॉस्टिल हवं असेल तर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय. मार्कशीटवर माहेरचं नाव असेल तर तो राजपत्राचा कागद सोबत.

पणजोबांची सनद मोडीत आहे. तिचा काही उपयोग?

मिळकतीच्या कामात सहसा नाही. आजचा हक्क प्रॉपर्टी कार्डावरून आणि नोंदलेल्या दस्तांवरून ठरतो. पण हद्दीचा वाद असेल किंवा जुनं नाव जोडायचं असेल तर उपयोग होतो. मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, मग गुजराती भाषांतर. संस्थानी काळाची दफ्तरं कोठी या जुन्या कचेरीच्या इमारतीतल्या अभिलेखागारात आहेत. तिथे काम नसलं तरी एकदा जाऊन या. रुमालात बांधलेले ते गठ्ठे बघून मी काय शोधायला आले होते तेच विसरले.

मूळ कागद घरीच, वरच्या मजल्यावर ठेवा. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ओळखीच्या एका घरात तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात दोन पिढ्यांचे दस्त होते. ते त्यांनी पंख्याखाली दोरीवर चिमटे लावून वाळवले. शाई फुटली होती, शिक्के वाचता येत नव्हते.

कोठीबाहेरच्या एजंटाला पैसे द्यावेत का?

टायपिंगला, फॉर्म भरायला, फ्रँकिंगच्या रांगेला: जरूर द्या. त्याला गुजराती अर्जाची भाषा येते, तुम्हाला नाही. ‘आत सेटिंग आहे’ म्हणणाऱ्याला देऊ नका. एनआरआय दिसला की दर तिप्पट होतो. म्हणून मी कोठीत जाताना कॉटनची साडी नेसते, पायात बाटाच्या चपला, आणि पाण्याची बाटली घरची. मूळ कागद कुणाच्याही हाती देत नाही. द्यायची ती ‘खरी प्रत’ म्हणून प्रमाणित केलेली झेरॉक्स. फार झालं तर मूळ दाखवून परत घ्यायचं.

अर्ज देऊन चार महिने झाले. काही उत्तर नाही.

पोचपावती घेतली होती का? नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा आणि पुन्हा द्या.

असेल तर पावतीचा क्रमांक घालून माहिती अधिकारात विचारा, माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अधिकार भारतीय नागरिकांचा आहे, तेव्हा परदेशी नागरिक झालेल्यांनी इथल्या भावाच्या नावाने अर्ज करावा. गुजरातचा ‘स्वागत’ हा तक्रारीचा कार्यक्रमही २००३पासून चालू आहे, तालुक्यापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत. मी एकदा एका फाइलीसाठी त्यात अर्ज दिला. नऊ महिने न हललेली ती फाइल सुनावणीच्या दोन दिवस आधी हलली. कारकून मला म्हणाले, ‘बेन, आधी सांगायचं ना.’ मी त्यांना सहा पोचपावत्या दाखवल्या.

माझ्या मुलांना गुजरातीही येत नाही आणि मराठीही जेमतेम. ती पुढे काय करतील?

आता, तुम्ही असताना, एक पान करून ठेवा. मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर, घरवेऱ्याचा क्रमांक, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, खाती, लॉकरची शाखा, मूळ दस्त कोणत्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे. सगळ्यांची नावं पासपोर्टच्या स्पेलिंगने. आमच्या घरी ते पान मुलाने इंग्रजीत टाइप केलं. ‘चतुःसीमा’ला काय लिहू म्हणून विचारत होता. मी त्याला गेल्या फेब्रुवारीत घराभोवती फिरवून आणलं: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला जोश्यांची भिंत, उत्तरेला विहीर होती ती आता बुजवली, दक्षिणेला पिंपळाचा पार. त्याने चारी बाजूंचे फोटो काढले आणि फाइलला जोडले.